टर्बो इंजिन बसवताना मॅनिफोल्ड कोणता घ्यावा?

आपल्यातील कितीतरी घरांची चूल आज चार चाकांवर पेटते. कोणी तालुक्याहून खेड्यापर्यंत काळी-पिवळी जीप चालवतो, कोणी पहाटे बाजार समितीत जाऊन भाजीपाल्याचा टेम्पो भरतो, कोणी मंडपवाल्याचे सामान वाहतो. गाडी बहुधा जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते. आठ-दहा वर्षे तिने इमानेइतबारे साथ दिली की एक दिवस इंजिन धूर ओकू लागते, ऑईल पिऊ लागते आणि मिस्त्री म्हणतो, "आता काम काढून भागणार नाही, इंजिनच बदला." मग कोणीतरी सुचवतो की बदलायचेच आहे तर टर्बोचे बसवा, घाटात गाडी चढेल, डिझेलही वाचेल.

सल्ला चांगला आहे. परंतु अशा वेळी घरातील सगळ्यांचे लक्ष इंजिनाच्या किमतीकडे असते. इंजिनाला हवा पोहोचवणारा जो भाग, ज्याला गॅरेजमध्ये 'इनटेक मॅनिफोल्ड' किंवा नुसते 'मॅनिफोल्ड' म्हणतात, त्याचा विचार शेवटी होतो. "मिळेल तो लावू, नाहीतर लेथवाल्याकडून करून घेऊ," असे म्हणून तो प्रश्न निकालात काढला जातो. प्रत्यक्षात नवे इंजिन सुखाने चालणार की सहा महिन्यांत पुन्हा उतरवावे लागणार, हे पुष्कळदा या भागावरच ठरते. म्हणून गाडीवर पोट असणाऱ्या आपल्या बंधूंना आणि घरचा हिशोब सांभाळणाऱ्या भगिनींना समजेल अशा भाषेत हा विषय मांडावा, असे आम्हाला वाटले.

मॅनिफोल्ड म्हणजे काय?

चाळीतल्या पाण्याच्या टाकीतून एक मोठा नळ निघतो आणि त्याला खोल्याखोल्यांकडे जाणाऱ्या शाखा फुटतात. मॅनिफोल्डचे काम तसेच आहे. एका तोंडाने हवा आत येते आणि चार सिलिंडरच्या इंजिनात चार वाटांनी हेडमध्ये जाते. टाकीजवळच्या खोलीला भरपूर पाणी आणि टोकाच्या खोलीला थेंब थेंब, असे झाले तर भांडण होते. इंजिनातही तसेच होते. एका सिलिंडरला हवा कमी पडली तर तिथले डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर निघतो आणि त्या सिलिंडरचे तापमान वाढत जाते.

पेट्रोल आणि डिझेल इंजिनात येथे मोठा फरक आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डमधून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण जात असे, म्हणून तो मुद्दाम गरम ठेवत. डिझेल इंजिनात मॅनिफोल्डमधून केवळ हवा जाते. डिझेल नोझलमधून थेट आत फवारले जाते आणि दाबाने तापलेल्या हवेत पेट घेते. म्हणून डिझेलचा मॅनिफोल्ड जितका थंड राहील तितके बरे. पेट्रोल गाडीचा मॅनिफोल्ड कापून-जोडून डिझेलवर बसवण्याचे उद्योग काही ठिकाणी चालतात. ते करू नयेत, याचे हे एक कारण आहे.

टर्बो काय करतो?

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. पुढे १९०५ साली स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. आजचा टर्बो त्याच कल्पनेचा आहे. सायलेन्सरकडे जाणारा धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल नीट जळते आणि ताकद वाढते. जहाजे आणि ट्रक यांत हे आधी आले. कारखान्यातून तयार होऊन विकली गेलेली पहिली टर्बो डिझेल मोटार मर्सिडीजने १९७८ साली काढली.

त्या मर्सिडीजचे आपल्या महाराष्ट्राशी नाते आहे. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने, जिचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले, मर्सिडीजच्या परवान्याने 'ओएम ६१६' हे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बनवले. मूळ इंजिन सुमारे २.४ लिटरचे. मॅटाडोर, ट्रॅक्स, ट्रॅव्हलर अशा गाड्यांतून या घराण्याची इंजिने खेडोपाडी पोहोचली. पुढे याच घराण्यात टर्बो बसवलेली इंजिनेही निघाली. आपल्या भागात 'टर्बो टाकणे' म्हणतात तेव्हा पुष्कळदा अशाच घराण्यातला बदल अभिप्रेत असतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही याच इंजिनाचे उदाहरण घेत आहोत.

थोडे गणित

आम्ही पडलो कारकून. आकडे मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. २.४ लिटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या नियमाने दर दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण हवा घेते. म्हणजे मिनिटाला १५०० वेळा २.४ लिटर, म्हणजे ३६०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पुरता भरत नाही. ८५ टक्के धरले तर मिनिटाला सुमारे ३०६० लिटर हवा मॅनिफोल्डमधून जाते.

ही हवा आतून ५० मि.मी. रुंद असलेल्या नळीतून गेली तर तिचा वेग सेकंदाला सुमारे २६ मीटर राहतो. नळी ३८ मि.मी.ची असेल तर वेग ४५ मीटर होतो आणि हवेला होणारा अडथळा जवळजवळ तिप्पट वाढतो. नळी बाहेरून पाहिली तर फरक एका बोटाचाही नाही. पण टर्बोने कष्टाने दाबलेली हवा या अडथळ्यात वाया जाते. म्हणून 'बसतो' आणि 'चालतो' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरे गणित उष्णतेचे. टर्बोने हवा १.७ पट दाबली, तर ३५ अंशांची हवा बाहेर पडताना शंभर अंशांच्या पुढे गेलेली असते. तापलेली हवा फुगते, म्हणून दाब १.७ पट असला तरी वजनाने हवा सुमारे १.४ पटच आत जाते. मध्ये इंटरकूलर लावून ती ५५ अंशांपर्यंत थंड केली तर तेच प्रमाण सुमारे १.६ पट होते. मॅनिफोल्ड निवडतानाच इंटरकूलर लावायचा की नाही हे ठरवले पाहिजे. कारण इंटरकूलर असला तर टर्बोचा पाइप पुढे रेडिएटरकडे जाऊन परत येतो, आणि मॅनिफोल्डचे तोंड त्या बाजूला असावे लागते.

दोन भाऊ आणि तीन मॅनिफोल्ड

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. थोरला भाऊ परवान्याची ट्रॅक्स चालवतो. धाकटा आय.टी.आय.मधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करतो. गाडीचे इंजिन गेले. वहिनीने बचत गटातून कर्ज काढले आणि थोडे पतसंस्थेतून घेतले. त्याच घराण्यातले टर्बो इंजिन भंगार बाजारात मिळाले, पण विकणाऱ्याने मॅनिफोल्ड आधीच काढून वेगळा ठेवला होता आणि त्याचे निराळे पैसे मागत होता.

धाकट्यासमोर तीन वाटा होत्या. पहिला, जुन्या बिनटर्बो इंजिनाचा अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड, जो घरातच पडून होता. दुसरा, टर्बो इंजिनाचा स्वतःचा, पण त्याचे तोंड गाडीतल्या एअर फिल्टरच्या ब्रॅकेटला अडत होते. तिसरा, लेथवाल्याकडून लोखंडी नळ्या वेल्ड करून नवा बनवून घेणे.

धाकट्याला पहिला पसंत होता. "दादा, हा हलका आहे, फुकटात आहे, तोंडपण बरोबर आपल्या बाजूला. दोन तासांत बसंल."

गॅरेजच्या वयस्क मिस्त्रींनी तो हातात घेतला, उलटा केला आणि आतल्या भोकात बोट घातले. म्हणाले, "बसंल रे पोरा, पण टिकायचा नाही. ह्याला हवा ओढून घ्यायची सवय. ढकललेली हवा ह्याला सोसणार नाही. आणि ही बारकी नळी बघ, ही इंजिनाच्या पोटातली वाफ ओढायची. टर्बोचा दाब हिच्यातून उलटा खाली गेला, की सगळ्या सीलमधून ऑईल बाहेर."

लेथवाल्याचा दर ऐकून थोरला विचारात पडला होता. तेव्हा घरी आई म्हणाली, "स्वस्तातलं आणून दोनदा बसवायचं, त्यापेक्षा एकदाच काय ते बघा की."

शेवटी त्यांनी टर्बो इंजिनाचा स्वतःचा मॅनिफोल्डच घेतला. तोंड अडत होते म्हणून मॅनिफोल्ड न कापता एअर फिल्टरचे ब्रॅकेट चार इंच सरकवले आणि वाकवलेला पाइप जोडला. खर्च दोन्हींच्या मधला आला. आज ती गाडी घाटातल्या गावापर्यंत फेऱ्या मारते आहे. या निवडीतून जो नियम निघतो तो प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. इंजिन घ्यावे ते त्याच्या अंगावरच्या सर्व दागिन्यांसह घ्यावे. मॅनिफोल्ड, टर्बो, डिझेल पंप, पाइप, ब्रॅकेट, सगळे एकत्र. ते एकमेकांसाठी बनलेले असतात. अडचण आलीच तर पाइप बदलावा, मॅनिफोल्ड नव्हे.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

बाजारात उभे राहून मॅनिफोल्ड हातात घेतला की पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात.

पहिली गोष्ट, फ्लँज आणि भोके. हेडच्या गॅस्केटवर मॅनिफोल्ड ठेवून पाहावा. बोल्टची भोके जुळली म्हणजे झाले असे नाही. हवेच्या वाटांची तोंडेही जुळली पाहिजेत. गॅस्केटची कड आत डोकावत असेल तर हवा तेथे अडखळते. एकाच घराण्यातली इंजिने असली तरी हेड बदललेले असू शकते, म्हणून गॅस्केट सोबत घेऊनच बाजारात जावे.

दुसरी गोष्ट, सपाटपणा. फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी उभी धरावी आणि खाली फीलर गेज घालून पाहावे. ०.१० मि.मी.ची पाती सहज सरकत असेल तर फेसिंग करून घेतल्याशिवाय तो बसवू नये. तापून वाकलेला मॅनिफोल्ड बोल्ट आवळून सरळ करू पाहणे म्हणजे तडा जाण्याला आमंत्रण.

तिसरी गोष्ट, धातू. बिडाचा मॅनिफोल्ड जड असतो, पण उष्णता आणि धक्के सोसतो. अॅल्युमिनियमचा हलका असतो, पण तापल्यावर जास्त लांबतो. ४५० मि.मी. लांबीचा अॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड १०० अंशांनी तापला तर सुमारे १ मि.मी. वाढतो, बिडाचा त्याच्या निम्मा. म्हणूनच त्याच्या बोल्टची भोके किंचित मोठी ठेवलेली असतात. ती ढिली वाटली म्हणून बुश घालून घट्ट करू नयेत.

चौथी गोष्ट, वाटेतील शेजारी. ओएम ६१६ सारख्या इंजिनात हवा आत नेणारा आणि धूर बाहेर नेणारा, दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला असतात. मध्ये उष्णता अडवणारा पत्रा असेल तर तो सोबत घ्यावा. बॉनेट, स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, क्लच आणि वायरिंग यांपासून पुरेसे अंतर हवे. इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर हलते, हे विसरू नये. उभ्या गाडीत बोटभर जागा दिसते, तीच गाडी खड्ड्यात आदळली की टेकते.

पाचवी गोष्ट, बारीक भोके आणि नळ्या. प्रत्येक भोक कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय ते बंद करू नये. टर्बो इंजिनाच्या काही डिझेल पंपांना मॅनिफोल्डमधून दाबाची एक बारीक नळी जाते. हवा वाढली की पंप त्या नळीमुळे डिझेल वाढवतो. ती जोडली नाही तर टर्बो फिरत राहील, पण गाडी ओढणार नाही, आणि लोक दोष इंजिनाला देतील. ब्रेकसाठी लागणारी व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळत असेल असे गृहीत धरू नये. डिझेल इंजिनात त्यासाठी बहुधा निराळा व्हॅक्यूम पंप असतो. तो नव्या इंजिनावर आहे आणि चालू आहे याची खात्री झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढूच नये. तेथे प्रश्न पैशांचा राहत नाही, प्रवाशांच्या प्राणांचा होतो.

सहावी गोष्ट, धूर फिरवणारा व्हॉल्व्ह. नव्या इंजिनांत थोडा धूर पुन्हा मॅनिफोल्डमध्ये सोडणारी ई.जी.आर.ची योजना असते. प्रदूषण कमी करण्यासाठी ती आहे. काजळी आणि ऑईलची वाफ एकत्र होऊन मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर साचतो. जुना मॅनिफोल्ड घेताना आत बॅटरी मारून पाहावे. थर असेल तर तो उतरवून, पूर्ण साफ करून, वाळवून मगच बसवावा. थर साचतो म्हणून व्हॉल्व्हच पत्रा लावून बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. गाडीचे मूळ रूप बदलल्याचा दोष मालकावर येतो, आणि तो धूर शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

सर्वांत मोठा धोका

आता एक अशी गोष्ट सांगतो की जी प्रत्येक मालकाने आपल्या मिस्त्रीला विचारलीच पाहिजे. "या पंपाचा गव्हर्नर कोणता आहे?"

जुन्या काही डिझेल इंजिनांत मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक झडप असते. अॅक्सिलरेटर दाबला की पंपाची दांडी न हलता ही झडप उघडते. झडपेजवळ तयार होणारी ओढ एका नळीने पंपाच्या पडद्यापर्यंत जाते आणि तो पडदा डिझेल कमी-जास्त करतो. ओढ संपली की आतली स्प्रिंग डिझेल पूर्ण सोडते. याला हवेवर चालणारा गव्हर्नर म्हणतात.

अशा इंजिनावर झडप नसलेला मॅनिफोल्ड बसवला, किंवा ती नळी तुटली, तर पंप पूर्ण डिझेल देतो आणि इंजिन हाताबाहेर जाऊन ओरडत सुटते. मॅनिफोल्डमध्ये टर्बोचा दाब भरला तर ओढ राहतच नाही, म्हणून ही व्यवस्था टर्बोखाली चालत नाही. टर्बो बसवायचा तर पंप वजनांच्या यांत्रिक गव्हर्नरचा हवा. या एका प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यास काम सुरू करू नये.

टर्बोचे सील गेले तरी असाच प्रसंग येतो. ऑईल मॅनिफोल्डमध्ये उतरते आणि इंजिन डिझेलऐवजी ऑईलवर धावू लागते. चावी फिरवून ते बंद होत नाही. हवा अडवली तरच थांबते, पण त्या तोंडावर हात ठेवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. पहिल्यांदा इंजिन चालू करताना तोंड झाकेल एवढी जाड सपाट फळी जवळ ठेवावी आणि लहान मुलांना गॅरेजबाहेर काढावे.

वेल्ड करून बनवलेला मॅनिफोल्ड

मूळचा मॅनिफोल्ड मिळालाच नाही तर बनवून घेण्याशिवाय इलाज नसतो. आपल्याकडे उत्तम टर्नर आणि वेल्डर आहेत, त्यांच्या हातचे काम कंपनीच्या तोडीचे होऊ शकते. मात्र काही पथ्ये पाळावीत. फ्लँजचा पत्रा जाड घ्यावा आणि वेल्डिंग करताना तो सपाट जाड पट्टीला बोल्टने आवळून ठेवावा, नाहीतर तो केळीच्या पानासारखा वळतो. वेल्डिंग झाल्यावर फेसिंग करावे. मुख्य नळी शाखांपेक्षा मोठी ठेवावी आणि हवेचे तोंड एका टोकाला न देता शक्य तो मध्यावर द्यावे, म्हणजे चारही सिलिंडरना वाटणी सारखी होते. आतल्या वेल्डिंगचे दाणे आणि पापुद्रे एकूण एक काढावेत. एक दाणा सुटून आत गेला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही खातो.

बसवण्यापूर्वी तोंडे पट्ट्यांनी बंद करून टायरवाल्याकडून अगदी थोडी हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. हवा भरताना तोंडासमोर उभे राहू नये. ०.७ बार इतक्या साध्या दाबालाही ५० मि.मी.च्या तोंडावर जवळजवळ १४ किलोचा जोर येतो. याच जोराने साधी क्लिप लावलेला होज पाइप घाटात निसटतो. म्हणून पाइपच्या टोकाला उठाव असावा, क्लिप रुंद पट्टीची बोल्टवाली असावी आणि रेडिएटरचा होज तेथे वापरू नये. ऑईलच्या वाफेने तो फुगतो आणि मऊ पडतो.

बोल्ट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जावे आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. गाडी आठवडाभर चालली की थंड इंजिनावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

कायदा आधी, इंजिन नंतर

इंजिन बदलणे ही केवळ गॅरेजची बाब नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आर.सी. बुकातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. जो फेरबदल कायद्याला मान्य आहे, तो केल्यावर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आर.सी. बुकात नोंद करून घ्यावी लागते. भाडेखरेदीवर घेतलेल्या गाडीत नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीवाचून फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

यासाठी इंजिनाचा विसार देण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि उत्तर लेखीच घ्यावे. "होईल हो, मी करून देतो," असे म्हणणाऱ्या एजंटाच्या शब्दावर पैसे गुंतवू नयेत. वर सांगितलेल्या भावांची गाडी ज्या मॉडेलची होती, ते मॉडेल कंपनीनेच टर्बो इंजिनासह विकलेले होते. त्याचा आधार घेऊन त्यांनी अर्ज केला. परवानगीचा कागद हाती येईपर्यंत थोरल्याने दुसऱ्याची जीप रोजाने चालवली, पण इंजिनाला हात लावला नाही. परवानगी नाकारली गेली तर त्याच प्रकारचे, बिनटर्बोचे इंजिन बसवावे आणि त्याचीही रीतसर नोंद करावी. ताकद थोडी कमी मिळेल, झोप मात्र शांत लागेल.

भंगारातून इंजिन घेताना इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे. नंबर खरवडलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, तेथून निघावे. चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार ठरतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला आणि विमा नाकारला गेला, तर भरपाईचा बोजा त्या कुटुंबावर येतो आणि एका पिढीची कमाई त्यात जाते.

घरच्या वहीतला हिशोब

भगिनींनी येथे वही पुढे ओढावी. समजा, ६०,००० रुपये १४ टक्के व्याजाने २४ महिन्यांसाठी घेतले. शिल्लक रकमेवर व्याज धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे २८८१ रुपये येतो. समजा, डिझेल वजा जाता गाडी दिवसाला ७०० रुपये घरी आणते. अयोग्य मॅनिफोल्डमुळे गाडी १० दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर ७००० रुपये बुडाले, म्हणजे जवळजवळ अडीच हप्ते. त्यात पुन्हा मजुरी, गॅस्केट, ऑईल आणि मोडलेल्या परवानगीच्या तारखा. मॅनिफोल्डवर वाचवलेले हजार-दोन हजार यापुढे कोठेच लागत नाहीत.

म्हणून खर्चाचा अंदाज काढताना 'इंजिन' ही एकच रक्कम लिहू नये. इंजिन, मॅनिफोल्ड, गॅस्केट, पाइप व क्लिपा, इंटरकूलर, पंपाचे कॅलिब्रेशन, मजुरी, आर.टी.ओ. फी आणि गाडी उभी राहण्याचे दिवस, अशा निरनिराळ्या ओळी पाडाव्यात. शेवटी अडचणीसाठी काही रक्कम राखून ठेवावी. एवढी बेरीज आवाक्यात येत नसेल तर टर्बोचा हट्ट सोडावा. आहे त्या इंजिनाचे काम नीट काढून घेणे हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.

मुलांनी हे काम शिकावे

आमची शेवटची विनंती तरुणांना आहे. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे पाने उचलून देणारी आपली मुले हाताने हुशार असतात, पण 'का' हा प्रश्न विचारण्याची संधी त्यांना मिळत नाही. आय.टी.आय.चा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करावा, दुरुस्तीचे मॅन्युअल वाचावे, फीलर गेज आणि टॉर्क पाना वापरायला शिकावे. मिस्त्रीच्या अनुभवाला पुस्तकाच्या ज्ञानाची जोड मिळाली की तोच मुलगा उद्या दुसऱ्याच्या हाताखाली न राहता स्वतःचे गॅरेज उघडतो.

आणि ज्यांच्या घरी आज इंजिन उतरले आहे त्यांनी घाई करू नये. आधी आर.टी.ओ.चा कागद, मग पंपाचा गव्हर्नर, मग गॅस्केट हातात घेऊन मॅनिफोल्ड, या क्रमाने जावे. ज्याला अनुभव आहे त्याने तो शेजारच्या मालकाला सांगावा. एका घरात शिकलेली गोष्ट दहा घरांचे पैसे वाचवू शकते.